नैऋत्येची भिंत

१२ फेब्रुवारी, दुपार

सौ. वहिनींना,

नमस्कार. पाया पडतो असं लिहिलं की तुम्ही उत्तरात "आधी वेळेवर जेवत जा" एवढंच लिहिता, म्हणून आज नुसता नमस्कार. मी बरा आहे. जेवतो. केस कापले. दिवसभर चिखलात उभं राहणाऱ्यानं अंघोळ केली काय आणि न केली काय, पण करतो.

फोन लागत नाही म्हणून घाबरला असाल. फोन मातीच्या टबात पडला. काढला, पुसला, उन्हात ठेवला, फुंकला, शिव्या दिल्या. मेला. नवीन घेईपर्यंत पत्रं. तसंही तुम्ही चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत असता तेव्हा मी फोन करणार, तुम्ही "नंतर बोलू" म्हणणार आणि नंतर मी विसरणार. पत्रात निदान मला कुणी मधे तोडत नाही.

तुम्ही दिलेल्या पत्त्यावर मिस्त्री सापडला. मातीचा गिलावा करणारा वयस्कर, शांत माणूस, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं ना? वयस्कर आहे. शांत म्हणजे झोपेत असेल. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "याआधी काय केलंस?" मी म्हटलं, रोपवाटिकेत होतो, ट्रकवर क्लीनर होतो, हॉटेलात वाढायला होतो, मधे काही दिवस बँडमध्ये झांजा वाजवल्या.

"म्हणजे कशातच टिकला नाहीस."

"नाही."

"मग मातीत टिकशील. ती कुणालाही चिकटते."

झालं, नोकरी लागली. मी इथे कशासाठी आलोय ते विसरलेलो नाही, काळजी नको. काम शिकायचं, परत यायचं आणि तुमच्या घराच्या भिंती माझ्या हातानं करायच्या. वाटेत लाकूडवाल्याकडेही जाऊन आलो. दाराखिडक्यांना पुरेल एवढं जुनं सागवान आहे, रंग न चढवलेलं. एक ढलपी आणली, या पाकिटात घालतो. ठेवा तुमच्या चष्म्याच्या रिकाम्या डब्यांत. आता किती डब्या झाल्या? एकीत बुचाचा तुकडा, एकीत चुना, एकीत कुठली तरी तांबडी माती. एका आजोबांना तुम्ही चुकून चष्म्याऐवजी मातीची डबी दिली होती, ते आठवून मी परवा परांचीवर एकटाच हसलो. मिस्त्री म्हणाला, "खाली पडशील, मग हस."

जोत्याचं काम तुम्ही एकटीनंच सुरू करणार हे वाचून मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. भाड्याची खोली सोडून प्लॉटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहणार म्हणता. तिथे धूळ असेल, तुमच्या छातीचं काय? पण तुम्ही ठरवलंय ना, दादा बंदराच्या कामावरून परत येईल तेव्हा त्याला उभं घर दाखवायचं, मग तुम्ही कुणाचं ऐकणार? माझा सख्खा भाऊ असला तरी सांगतो, त्या माणसाचं नशीब थोर आहे.

नमनालाच घडाभर तेल गेलं. खरी गंमत पुढे आहे.

मिस्त्रीनं मला ज्या घरी कामाला लावलंय ना, तिथे तुमच्यासारखंच वेड आहे! हसू नका, अगदी तस्संच. घरात प्लास्टिकचा रंग नाही, प्लायवूड नाही, व्हार्निश नाही. लाकडाला नुसतं जवसाचं तेल. पूर्वेकडच्या खोलीत लाकूड, कारण पूर्व लाकडाची. नैऋत्येची भिंत मातीची, कारण नैऋत्य पृथ्वीतत्त्वाची आणि जोडप्याची. कोपरे सगळे गोल, टोकदार कोपऱ्यातून म्हणे वाईट ऊर्जा, वाईट ‘ची’, बाणासारखी सुटते. मी लगेच म्हटलं, "फेंगशुई?" घरच्या बाई चकितच झाल्या. म्हणाल्या, "तुला कसं माहीत?" म्हटलं, "आमच्या घरी याच भाषेत भांडणं होतात." दादा तुम्हाला "ची ची काय करता, सरळ शी शी म्हणा" असं चिडवायचा ते मात्र सांगितलं नाही.

आणि ऐका. खिडकीत काचेची बरणी! तुमचीच युक्ती. कुठलीही वस्तू घरात आणायच्या आधी तिचा तुकडा बरणीत बंद करायचा, बरणी उन्हात ठेवायची, मग झाकण उघडून वास घ्यायचा. डोकं दुखलं की वस्तू बाद. मला वाटत होतं हे तुमच्याच डोक्यातून निघालंय. गिलाव्यात भुशाऐवजी तळ्याकाठच्या पाणकणसाचा कापूस घालायचा, हेही इथे आहे. मिस्त्री कुरकुरला, पण कापूस घालून बघितल्यावर म्हणाला, "मऊ येतंय खरं." बाई म्हणतात, "हे म्हणतात, घराला श्वास घेता आला पाहिजे." हे वाक्य कुठे छापून आलंय का? तुम्हीही असंच म्हणता.

"हे" म्हणजे मालक. ते अजून मला दिसलेले नाहीत. कामासाठी बाहेर असतात आणि आठवड्याच्या शेवटी येतात म्हणे. मिस्त्रीचा पत्ताही त्यांनीच काढला. बाई साध्या आहेत, माझ्याहून थोड्याच मोठ्या. एक पोरगी आहे, नुकती धरून धरून उभी राहते. आज चहा देताना बाई सांगत होत्या, यांची पहिली बायको दम्यानं गेली. नव्या रंगाचा वास सहन झाला नाही तिला. म्हणून यांना धास्ती आहे. म्हणाल्या, "मी काहीच बदलत नाही. हे म्हणतील ते, म्हणतील तसं. तेवढीच तिची आठवण." ऐकून मला कसंतरीच झालं. बिचारी कोण होती कुणास ठाऊक, मला तिच्या जागी तुम्हीच दिसायला लागलात, आपली खोली रंगवली तेव्हा धाप लागून पायरीवर बसलेल्या. दम्याचा पंप जवळ ठेवत जा. पर्समध्ये ठेवा, टेबलाच्या खणात नको.

तुम्ही दोघींनी एकदा भेटायलाच हवं. दोन वेड्या एका ठिकाणी.

रात्री ओल्या फरशीवरून मांजर चालून गेलं त्याची गोष्ट राहिली, पुढच्या खेपेला. दादाचा रविवारचा फोन येतो ना? त्याला सांगा, बारक्या कामाला लागलाय. त्याचा विश्वास बसणार नाही.

तुमचा लाडका (असं तुम्हीच म्हणता) दीर,
बारक्या


१ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. मी बरा आहे.

तुम्ही विचारलंत, त्या बाईंनी जमिनीला काय घातलंय. बुचाच्या फरश्या आहेत. तेल कुठलं, ते बघून सांगतो. म्हणजे जमलं तर सांगतो. मी आता त्या घरी कामाला नाही. मिस्त्री रागावलेला नाही, मीच दुसरीकडे जातोय. एका शाळेच्या कंपाउंडची भिंत आहे, साधी विटांची. तिथे कुणी दिशा विचारत नाही. एक मुकादम आहे, तो गाणी म्हणतो आणि प्रत्येक गाण्याची दुसरी ओळ चुकवतो. मी दुरुस्त करतो, तो म्हणतो, "तू गातोस का मी गातो?"

खोली सोडायची नोटीस देऊ नका. दिली असेल तर मागे घ्या. मालकीणबाई तुम्हाला मानतात, ऐकतील. आत्ता घाई कशाला? लाकडाचंही थांबवा. मी ते परत बघून आलो, मला काही ते तितकंसं बरं वाटलं नाही. आतून ओलं असेल. ओलं लाकूड नंतर वाकतं, हे तुम्हीच मला शिकवलंय.

खरं म्हणजे लाकूड परत बघायला गेलो नाही. पण थांबवा.

तुम्ही त्या गेलेल्या बाईबद्दल लिहिलंत, "माझ्याच दुखण्याची दिसते, पण नवऱ्यानं तिची हौस पुरी केली, असा नवरा मिळायला भाग्य लागतं." ती ओळ मी वाचली. वहिनी, तसलं काही लिहू नका.

दादाचा रविवारचा फोन आला का? काय म्हणाला? शब्द न् शब्द सांगा. बंदरावरच आहे असं म्हणाला का?

आज जास्त लिहवत नाही. बोटांना चुन्याचे चरे पडलेत. तसं काही मोठं नाही.

तुमचा दीर,
बारक्या


९ मार्च

वहिनी,

तुमच्या पत्रात एकच ओळ होती. "तू काहीतरी लपवतोयस, आणि तुला लपवता येत नाही." खरं आहे. लहानपणी दूध सांडलं की मी आधीच रडत तुमच्याकडे यायचो, तुम्हाला शोधावंसुद्धा लागायचं नाही.

दुकानात वाचत असाल तर पत्र मिटा. घरी जा. पंप घेऊन बसा. मग वाचा.

दादा बंदरावर नाही. दादा इथे आहे.

ज्या घराबद्दल मी तुम्हाला एवढं भरभरून लिहिलं, ते घर दादाचं आहे. मालक म्हणजे दादा. ती बाई त्याच्यासोबत राहते, ती पोरगी त्याची आहे. मिस्त्रीचा पत्ता तुम्ही कधीतरी जेवताना त्याला सांगितला असणार. त्यानं तो लक्षात ठेवला. मलाही तोच पत्ता दिलात. म्हणून मी तिथे जाऊन पोचलो. मी काही शोधत नव्हतो, वहिनी. मी तुमच्या भिंती शिकायला गेलो होतो.

आता लिहायला घेतलंच आहे तर सगळं लिहितो. नाहीतर उद्या पाय फुटतील आणि मी कुठल्या तरी गाडीत बसून निघून जाईन. मला माहीत आहे मी कसा आहे.

तो शनिवार होता. नैऋत्येच्या भिंतीवर शेवटचा हात चालला होता. या कामात एक आहे, शेवटचा थर एका दमात पुरा करावा लागतो, त्याच माणसानं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधे थांबलं की तिथे जोड दिसतो, आणि तो जन्मभर दिसतो. मिस्त्रीचा खांदा भरून आला होता म्हणून त्यानं ती भिंत मला दिली. म्हणाला, "भूकंप झाला तरी हात थांबवायचा नाही." मी लाकडी घोड्यावर उभा, दाराकडे पाठ, हातात थापी.

मागून कुणीतरी आत आलं आणि म्हणालं, "कशाचा वास येतोय का?"

तुम्ही कुठल्याही खोलीत पाऊल टाकता तेव्हा आधी हेच विचारता. पण आवाज दादाचा होता.

मला वळता येईना. भिंत ओली होती. मिस्त्री म्हणाला, "मालक आले." बाई म्हणाल्या, "वास कसला, मातीचाच. हा बघा नवा मुलगा, चांगला हात आहे याचा." मी थापी फिरवत राहिलो. माझ्या पाठीवर त्याची नजर आहे हे मला कळत होतं. माझी पाठ तो ओळखणार नाही तर कोण? त्यानंच मला सायकल शिकवली, मागून धरून.

शेवटी तो म्हणाला, "हो. दिसतोय." आणि मग, "याला चहा दे."

मी भिंत पूर्ण केली, वहिनी. थापी टाकून निघून यायला हवं होतं. नाही टाकली. का, ते मला अजून सांगता येत नाही. हात चालत होते आणि भिंत गुळगुळीत होत होती.

खाली अंगणात पाण्याची टाकी आहे. मी हात धूत होतो तिथे तो आला.

"कसा आहेस?"

"हात धुतोय."

"बारक्या, आत काही बोलू नकोस."

"मी कुठे बोललो? मी नवा मुलगा आहे."

तो टाकीच्या कठड्यावर बसला. जाड झालाय थोडा. कानाजवळ पांढरं झालंय. मग खाली बघत म्हणाला, "ती बरी आहे?"

मी म्हटलं, "कोण ती? ती तर वारली ना, दम्यानं?"

हे मला लिहायचं नव्हतं. इथपर्यंत येऊन मी दोनदा पेन ठेवलं, एकदा जाऊन चहा पिऊन आलो, चहावाल्याशी त्याच्या गुडघ्याबद्दल उगाच बोलत बसलो. पण हे मी लपवलं आणि तुम्हाला दुसरीकडून कळलं तर? पहिल्या पत्रात मी ज्या बिचारीबद्दल लिहिलं होतं, ती तुम्ही. त्या घरात तुम्ही मेलेल्या आहात. आणि मी मूर्खासारखा तुमचंच मरण तुम्हाला कळवून, वर पंप जवळ ठेवा म्हणून सांगितलं. तो कागद फाडून टाका.

दादा म्हणाला, "मी असं म्हटलं नव्हतं रे. हिनं विचारलं, घरी कोण असतं? मी गप्प बसलो. हिला वाटलं, गेली. मी नाही म्हटलं नाही. आधी कधीतरी तिच्या दम्याबद्दल बोललो होतो. पुढचं हीच विचारत गेली आणि मी मान हलवत गेलो. एकदा रडली माझ्यासाठी. मग कसं मागे घेणार?"

"फोन करतोस ना दर रविवारी? मेलेल्या माणसाला?"

"इथूनच करतो," म्हणाला. "या टाकीपाशी येऊन."

मला आठवलं, बाई म्हणाल्या होत्या, रविवारी यांना कामाचा फोन असतो, तेवढा वेळ अंगणात असतात.

मग त्यानं जे सांगितलं त्यानं माझं डोकं फिरलं. म्हणाला, "घर मात्र सगळं तिच्या मनासारखं केलं. एक गोष्ट बदलली नाही. मला वाटलं, तेवढं तरी करावं." आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी शाबास म्हणेन.

बादलीतलं मातीचं पाणी त्याच्या बुटांवर सांडलं. मुद्दाम की हातून निसटून, ते मी अजून ठरवलेलं नाही. तो हललासुद्धा नाही. म्हणाला, "तूच सांग तिला. तुझं तिच्याशी गूळपीठ आहे. मला नाही जमणार."

मी म्हटलं, "तुला एवढं सगळं जमलं. पाणकणसं कुठून आणायची तेसुद्धा जमलं."

म्हणजे तो कधी ऐकत नाही, असं आपण दोघं म्हणायचो ना? तुम्ही जेवताना नैऋत्य, ईशान्य, चुना, बूच असं सांगत बसायचात, तो पेपर वाचायचा आणि "हं, हं" करायचा. तुम्ही चिडून म्हणायचात, भिंतीशी बोललेलं बरं. तो ऐकत होता, वहिनी. अक्षर न् अक्षर. मी तिथे तासन्‌तास राबलो, मला ठाऊक आहे. तुमची एकही गोष्ट तो विसरलेला नाही.

बाईंना मी काही सांगितलं नाही. पोरगी कडेवर होती, माझ्या बोटाला लागलेली माती ओरबाडत होती. त्या बाईला खरं ठाऊक नाही, एवढं मला दिसतं. तिच्यावर राग धरा असं मी म्हणू शकत नाही आणि धरू नका असंही म्हणायला मी कोण? माझ्यावर काढा. मी सवयीचा आहे.

मी तुम्हाला हे आधीच, त्याच दिवशी लिहायला हवं होतं. पण तुम्ही खोली सोडायला निघाला होतात, एकटीनं जोतं घालायला निघाला होतात, तेही त्याच्यासाठी. तो येणार नाही, वहिनी. मी त्याला विचारलं. सरळ विचारलं. तो म्हणाला, "कसा येऊ?"

शेडमध्ये राहायला जाऊ नका. त्या धुळीत जाऊ नका. बाकी तुम्हाला जे करायचं ते करा, पण ते त्याच्या वाटेकडे डोळे लावून करू नका. एवढं एकदा मोठ्यांसारखं बोलतो, पुन्हा नाही बोलणार.

मी तिकडे येऊ का? की माझं तोंड बघून तुम्हाला तोच दिसेल? आमचं नाक एकच आहे, तुम्हीच म्हणता.

उत्तर नाही आलं तरी मी समजून घेईन. पण येऊ दे.

बारक्या


२८ मार्च

वहिनी,

पुढे वहिनीच म्हणतो. तुम्ही नको असं लिहिलं नाहीत.

तुमचं पत्र शाळेच्या शिपायानं आणून दिलं. मी ते उघडलंच नाही बराच वेळ. मुकादम म्हणाला, "प्रेमपत्र आहे का?" म्हटलं, "हो." मग तो गाणं म्हणायचा थांबला आणि लांब जाऊन बसला. चांगला माणूस आहे.

खोली सोडली नाहीत हे वाचलं. लाकूडवाल्याला नको म्हणून कळवलंत, तेही वाचलं. रविवारी फोन वाजत राहिला आणि तुम्ही उचलला नाहीत, शेवटी बंद झाला. चष्म्याच्या डब्या दुकानात नेऊन धुतल्यात, पुसल्यात आणि पुन्हा चष्म्यांसाठी ठेवल्यात. हे सगळं तुम्ही एखाद्या दिवसाचं काम सांगावं तसं लिहिलंय. रडलात का, ते लिहिलं नाहीत. मी विचारत नाही.

आणि खाली, पान संपताना, बारीक अक्षरात: "भिंत कशी झाली?"

ते वाचून मला वाटलं, विचारावं, वहिनी, हे तुम्हाला कशाला हवंय? मग वाटलं, दुसरं कुणाला हवं असणार? तुमच्याशिवाय ते विचारण्याचा हक्क कुणाचा आहे?

मला खोटं लिहिता आलं असतं. तडे गेले, पोपडे निघाले, ओल आली. तुम्हाला बरं वाटेल म्हणून लिहायला बसलोही होतो. पण मातीच्या कामात तुमच्याशी खोटं बोलवत नाही. म्हणून काल परत गेलो. दादा घरी नसतो असा वार बघून गेलो. बाईंना सांगितलं, वाळल्यावर एकदा बघायची असते. त्यांनी आत घेतलं आणि त्या पोरीला अंघोळ घालायला गेल्या. मी त्या खोलीत एकटाच होतो.

तर ऐका.

रंग भरपूर दुधाच्या चहासारखा आला आहे. ओली असताना काळपट होती, मला भीती वाटत होती, पण वाळून उजळली. एकही तडा नाही. मी दाराच्या बाजूनं गाल लावून तिरकं बघितलं, ऊन बाजूच्या खिडकीतून आडवं येत होतं, जोड कुठेच नाही. दादाचा आवाज आला तेव्हा थापी जिथे होती ती जागा मला ठाऊक आहे, खिडकीच्या थोडं वर. तिथेही काही दिसत नाही. दिसायला हवं होतं, असं मला वाटलं. पण नाही दिसत.

उन्हात पाणकणसाचे धागे चमकतात. फार नाही, जवळ गेलं तरच. तुम्ही म्हणाला होतात, चमकतील. तेव्हा दादा म्हणाला होता, मातीत काय चमकणार? मी बघितलं, चमकतात.

कोपरा गोल आहे. नजर कुठे अडत नाही, वळून पुढे जाते. बाहेर ऊन रणरणत होतं आणि भिंत हाताला गार लागत होती, माठासारखी. मी तळहात ठेवून उभा राहिलो. मग नाक लावलं आणि तुमच्यासाठी एक खोल श्वास घेतला. पूर्ण, छातीच्या तळापर्यंत. वास नाही. कशाचाच नाही. डोकं दुखलं नाही, घसा धरला नाही. त्या खोलीत तुम्हाला शांत झोप लागली असती. दारंखिडक्या लावूनसुद्धा लागली असती.

तुम्ही निवडलेलं सगळं बरोबर होतं. माती बरोबर, कापूस बरोबर, दिशा बरोबर. भिंत फार चांगली झाली आहे, वहिनी. एवढी चांगली भिंत मी पुन्हा करणार नाही.

बाहेर पडताना बाईंनी विचारलं, "काही बिघडलंय का?"

मी म्हटलं, "भिंतीचं नाही."

मी येतोय. बुधवारच्या गाडीनं, आणि या खेपेला वाटेत कुठे उतरणार नाही. तुम्ही "ये" असं लिहिलं नाहीत, "येऊ नको" असंही लिहिलं नाहीत. माझ्यासाठी काही करून ठेवू नका. दार उघडलंत तर आत येईन, नाही उघडलंत तर पायरीवर बसेन. घाई नाही मला.

सही करताना हात थांबला. दीर असतो तो नवऱ्याच्या बाजूनं असतो. मला त्या बाजूनं यायचं नाही. पण माझ्या शाळेच्या पहिल्या दिवशी मला दारापर्यंत कोण घेऊन गेलं होतं ते मला आठवतं, आणि मी तुमचा हात सोडत नव्हतो तेही आठवतं. तेवढ्यावर चालत असेल तर

तुमचा,
बारक्या